भन्नाटच्या दोन बाटल्या

सूर्यभान हेडी खोटं बोलतो, हे घोडेगावच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरीही लोक त्याच्याकडूनच जनावर घेत. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. इथून घ्यायचं, तिथं विकायचं आणि मधल्या दोन-चार दिवसांत जनावराचं रूप पालटायचं, हा धंदा. मरतुकड्या बैलाची शिंगं साळून, त्यांना तेल चोपडून सूर्यभान बैल असा काही उभा करायचा, की घेणाऱ्याला वाटावं, आपलं नशीबच उघडलं. बाजाराच्या आदल्या दिवशी जनावराचं पाणी तोडायचं, सकाळी मीठ घातलेली पेंड चारायची आणि मग बादल्यांवर बादल्या पाजायच्या. खपाटीला गेलेलं पोट टम्म दिसायला लागतं. बैल सुस्त असेल तर गूळ घातलेला कडक काळा चहा बांबूच्या नळकांड्यातून त्याच्या घशात ओतायचा. तासाभरात बैल कान टवकारून, पायानं माती उकरत उभा. दोन दिवसांनी तो पुन्हा मान टाकायचा, पण तोवर दावं दुसऱ्याच्या हातात गेलेलं असायचं.

"बाजारात जनावर इकत न्हाईत," सूर्यभान मिशीला पीळ देत सांगायचा, "त्याची त्या येळची ऐट इकत्यात."

अशा माणसाच्या घरात ज्योतीसारखी सरळ पोर कशी निपजली, याचं तिच्या आईला, झुंबरबाईला, राहून राहून नवल वाटे. बारा वर्षांची, सातवीतली, काटकुळी पोरगी. बोलणं थोडं, आणि पळणं मात्र असं, की बघणाऱ्यानं बघत राहावं. वस्तीपासून शाळा तीन मैल. ही दप्तर छातीशी धरून, चपला हातात घेऊन पळतच जायची आणि पळतच यायची. शाळेत खेळाला शिरसाठ सर होते. सडसडीत, तोंडाचे फटकळ, पण मुलांवर जीव टाकणारे. त्यांनी एकदा घड्याळ लावून ज्योतीला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि घड्याळाकडं दोनदा बघितलं. त्याच संध्याकाळी सायकल हाणत ते सूर्यभानच्या वस्तीवर आले.

"सूर्यभानराव, पोरगी सोनं आहे," सर म्हणाले. "आठशे मीटरमध्ये ती जिल्ह्याला चमकली, तर मी शाळेची शिफारस देतो. पुण्याला सरकारी क्रीडा वसतिगृह आहे. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं तिथंच. एकदा निवड झाली की पोरीचं आयुष्य मार्गाला लागलं."

सूर्यभानचा ऊर भरून आला. हेही सांगायला हवं, कारण पुढं त्याच्याबद्दल बरंच वाईट सांगायचं आहे. त्याचं पोरीवर प्रेम होतं. त्याला खरोखर वाटत होतं की आपली पोर पुण्याला जावी, अंगावर रंगीत बनियन घालून पळावी, तिचा फोटो पेपरात यावा आणि आपण तो बाजारात चारचौघांना दाखवावा. पण प्रेम करायची त्याची रीत एकच होती. जे आपलं आहे ते बाजारात उठून दिसलं पाहिजे.

ते साल सत्त्याण्णव. त्या पावसाळ्यात भोंगा लावलेली एक जीप गावोगाव फिरत होती. जीपवर बाटलीचं मोठं चित्र, बाटलीवर उधळलेला घोडा आणि खाली लाल अक्षरांत 'भन्नाट'. "मुलांची ताकद, मुलांची हुशारी, एक बाटली भन्नाट!" असं ओरडत जीपमधला माणूस पोरांना झाकणभर फुकट पाजायचा. गोड, आंबूस, मागाहून जरा कडू. पोरं जीपच्या मागं धावत सुटायची. मग कानिफनाथच्या किराणा दुकानात त्या वीतभर तपकिरी बाटल्यांचे खोके येऊन पडले. खेळाच्या तासाआधी चार-चार पोरं मिळून एक बाटली घ्यायची आणि घोटघोट वाटून प्यायची. ज्याला जास्त घोट मिळाला तो वर्गात दंगा करायचा आणि म्हणायचा, "सर, मी न्हाई, भन्नाट चढलीया." त्यात पाचवीतला एक पोरगा एकटाच दोन बाटल्या पिऊन ओकला आणि दिवसभर थरथरत बसला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर शिरसाठ सरांनी सगळ्यांना बजावलं, "ही बाटली मुलांसाठी नाही. माझ्या संघातल्या कुणी ती तोंडाला लावली तर तो संघाबाहेर. मग तो कितीही पळो."

सूर्यभाननं मात्र त्या बाटलीची चव घेतली होती आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. प्यायल्यावर घटकाभरात अंग तापतं, छाती उडायला लागते, झोप पळते. अरे, हा तर आपलाच काढा! शहाण्यांनी बाटलीत भरलेला. त्यानं कानिफनाथकडून अख्खा खोका उचलला.

"एवढ्या बाटल्या कुनाला रं?" कानिफनाथनं विचारलं.

"मला. बाजाराच्या दिवशी उभं राहून कंबरडं मोडतंय," सूर्यभान म्हणाला. खरं सांगायचं कारणच नव्हतं. धंद्यातली गोष्ट चारचौघांत बोलायची नसते.

दिवाळीच्या तोंडावर पहिल्यांदा त्यानं अर्धी बाटली पेल्यात ओतून ज्योतीपुढं धरली.

"आबा, सर म्हनले ही प्याची न्हाई," ज्योती म्हणाली. "संघातनं काढतील."

"सरांना सांगाया कोन जातंय? तू जानार?"

"न्हाई."

"मी जानार?"

ज्योतीनं पेला उचलला आणि पिऊन टाकला. बापानं हातानं दिलेलं कधी टाकलं नव्हतं तिनं.

त्या दिवशी ती मैदानावर वाऱ्यासारखी सुटली. निदान बांधावर उभ्या असलेल्या सूर्यभानला तरी तसं वाटलं. मग रोज सरावाआधी अर्धी बाटली ठरून गेली. तालुक्याला ज्योती पहिली आली, तेव्हा सूर्यभाननं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पोर पळाली म्हणून पहिली आली, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. त्याला वाटलं, आपण पळवली.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. ज्योतीचं जेवण तुटलं. भाकरी मोडायची आणि अर्धी तशीच ठेवायची. हातात पेन धरलं की अक्षर हलायचं. लहानसहान गोष्टीवरून ती चिडायची आणि मग स्वतःच रडायची. ज्या दिवशी सरावाला सुट्टी, त्या दिवशी डोकं धरून बसायची.

"अवं, पोरगी झोपत न्हाई," झुंबरबाई एकदा गोठ्यात येऊन म्हणाली. "सताड डोळं उघडं ठिवून आढ्याकडं बघत पडती. मी उठले की झोपल्याचं सोंग घेती. काय पाजताय तिला, बंद करा."

"जिल्हा हुं दे. मग बंदच करायचंय."

"तवर?"

"तवर गप ऱ्हा. तुला यातलं काय कळतंय?"

एकदा ज्योती स्वतःच म्हणाली, "आबा, छातीत लई धडधडतं. पळायच्या आदीच दम लागतो."

"बैल तापल्याबिगर पळतो का?" सूर्यभान हसून म्हणाला. "ते धडधडतंय म्हंजी ताकद चढतीया."

तिनं मान डोलावली. ती मान पुढं त्याला कितीदा आठवली असेल, त्याची गणती नाही.

जिल्ह्याच्या स्पर्धा नगरला होत्या. शाळेच्या मुली सरांबरोबर एसटीनं गेल्या. सूर्यभान मागून दुसऱ्या गाडीनं पोचला, पिशवीत दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून. मैदानावर ही गर्दी. ठिकठिकाणच्या पोरी, पायांत पांढरे कॅनव्हास, कुणाकुणाच्या अंगात चकचकीत कपडे. त्या धिप्पाड पोरी बघून सूर्यभान धास्तावला. ज्योती त्यांच्यात अगदीच किरकोळ दिसत होती. बाजारात मोठ्या जनावराशेजारी आपलं बारकं जनावर बांधायची पाळी आली की त्याला असंच व्हायचं, आणि अशा वेळी काय करायचं हेही त्याला पाठ होतं.

शर्यतीला थोडा वेळ असताना त्यानं ज्योतीला पाण्याच्या टाकीमागं बोलावलं. पहिली बाटली ती मुकाट प्याली. त्यानं दुसरी फोडली.

"आबा, पुरं. मळमळतंय."

"एवढी घे. त्या पोरी बघितल्यास का? तुला खाऊन टाकतील."

"जात न्हाई आता, आबा."

आणि मग सूर्यभाननं ते केलं. त्याचा डावा हात तिच्या हनुवटीखाली गेला, अंगठ्यानं जबडा दाबला, मान वर केली आणि उजव्या हातानं बाटली तिच्या तोंडात उपडी केली. वर्षानुवर्षं जनावरांना पाजून हात असे तयार झालेले, की त्याला विचारच करावा लागला नाही. ज्योतीला ठसका लागला, नाकातनं थोडं बाहेर आलं. जनावर गिळतंय की नाही हे बघायला गळ्यावरून हात फिरवतात, तसा त्यानं तिच्या गळ्यावरून हात फिरवला. तिनं गिळलं. मग फ्रॉकच्या बाहीनं तोंड पुसून ती धावत मैदानाकडं गेली.

पहिली फेरी ती सगळ्यांच्या पुढं होती. सूर्यभान दोरीला धरून ओरडत होता, "पळ! पळ माझी वाघीन!" दुसऱ्या फेरीच्या निम्म्यात तिचे पाय वेडेवाकडे पडायला लागले. शेवटच्या वळणावर तिनं छातीवर हात धरला, दोन पावलं टाकली आणि ती चुन्याच्या रेषेवर तोंडावर पडली. बाकीच्या पोरी तिच्या बाजूनं निघून गेल्या.

तंबूत डॉक्टर होते, वयस्कर, शांत. त्यांनी नाडी धरली आणि घड्याळाकडं बघत राहिले. ज्योती खाटेवर पडली होती, ओठ पांढरे, आणि फ्रॉकवरून छाती उडताना दिसत होती. शिरसाठ सर खाटेच्या पायथ्याशी आणि सूर्यभान उशाशी उभा होता.

"नाडी फार जोरात चाललीय," डॉक्टर म्हणाले. "थांबून इतका वेळ झाला, उतरायला हवी होती. काय खाल्लं-प्यायलं हिनं? काही औषध, काही टॉनिक?"

सरांनी सूर्यभानकडं बघितलं. "तुम्ही घरून आलात. काही दिलंत का?"

बाजारात घेणारा विचारतो, ह्याला काही पाजलंय का, आणि उत्तर ओठांवर तयार असतं. ते आपोआप बाहेर पडलं.

"न्हाई बा. सकाळी भाकर आन दूध. दुसरं काय देनार आमी?"

डॉक्टरांनी नळी कानांतून काढली. "काहीच नसेल, तर मग मला हृदयाची शंका घ्यावी लागेल. हृदयाची पट्टी, ईसीजी, काढायला पाठवतो. कागदावर तसं लिहावं लागेल, आणि तोवर पळणं पूर्ण बंद. कदाचित कायमचं."

सूर्यभानला सगळं स्पष्ट ऐकू आलं. कायमचं. आता बोलायला हवं, हेही त्याला कळलं. फक्त एवढंच म्हणायचं होतं, डॉक्टर, मी पाजलं. तीन शब्द. पण सर समोर उभे होते, तंबूच्या दाराशी आपल्याच तालुक्याची चार माणसं डोकावत होती. लाज वाटत होती म्हणून तो बोलला नाही. आणि बोलला नाही म्हणून पुढं जन्मभर लाज वाटत राहिली.

"डॉक्टर," ज्योती खाटेवरून म्हणाली. आवाज अगदी बारीक. "म्या बाटली प्याले. भन्नाट. दोन."

"कुणी दिल्या?"

"कुनी न्हाई. आबांच्या हुत्या. त्यांची कंबर दुखती म्हनून आनल्यात. त्यांच्या पिशवीतनं चोरून प्याले."

तिनं हे सांगताना सूर्यभानकडं बघितलं नाही. छताकडं बघत बोलली, पाठ केल्यासारखी.

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं सांगितलंस. हृदय ठीक असणार. पाणी पी, पडून राहा, उतरेल. पण पोरी, ही बाटली म्हणजे मुलांच्या छातीवर चाबूक आहे. पुन्हा हात लावायचा नाही."

सरांचा चेहरा मात्र उतरत गेला. ते म्हणाले, "ज्योती, जूनमध्ये तू आजच्यापेक्षा चांगली पळत होतीस. नुसत्या भाकरीवर. माझ्या वहीत वेळा आहेत. दिवाळीपासून तुझी वेळ वाढत का चाललीय, याचा मी रोज विचार करत होतो. आज पडलीस, त्याचं मला काही वाटत नाही. पडलीस तरी शिफारस मी देणारच होतो. पण बजावून सांगितलं असताना तू चोरून प्यालीस. आता मी कोणत्या तोंडानं तुझं नाव पाठवू?"

ज्योती रडली नाही. "चुकलं सर," एवढंच म्हणाली.

आणि सूर्यभान उशाशी उभा राहून हे सगळं ऐकत राहिला. पोरीची वेळ आपणच बिघडवली, आणि पोरीचं नावही आपणच बुडवलं. पायाखालची जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. जमीन काही दुभंगली नाही. तो तसाच उभा राहिला.

परतीच्या एसटीत बापलेक शेजारी बसले. नगर मागं पडल्यावर त्यानं विचारलं, "ज्योते, असं का सांगितलंस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "तिथं आपल्याकडली मानसं हुती, आबा. म्हनली असती, पोटच्या पोरीला पाजतो, त्यो बैलाला काय पाजत नसंल? मग तुमच्याकडनं जनावर कोन घेनार? आपुन खायचं काय?"

बारा वर्षांची पोर. छाती फुटेस्तोवर धडधडत असताना तिनं तेवढा हिशेब केला होता. सूर्यभाननं पिशवीत हात घालून टॉवेल काढला आणि तोंडावर धरला, ऊन लागतंय असं दाखवून. ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. शाळेत पोरं ज्योतीला बघून ओरडायची, "भन्नाट आली रं, भन्नाट!" कुणी तरी तिच्या बाकावर रिकाम्या बाटल्या मांडून ठेवल्या. सरांनी प्रार्थनेनंतर तिचं नाव न घेता सांगितलं की चोरून घेतलेली ताकद शेवटच्या वळणावर दगा देते, आणि झाडून सगळ्या पोरांनी माना वळवून ज्योतीकडं बघितलं. ती पळत शाळेत जायची थांबली. चपला घालून, खाली बघत, सावकाश चालत जायला लागली. झुंबरबाई नवऱ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची आणि उठून जायची. उरलेल्या बाटल्या तिनं उकिरड्यावर फोडल्या, एकेक करून, त्याला ऐकू येईल अशा.

नवव्या दिवशी सूर्यभाननं धुतलेलं धोतर नेसलं, टोपी झाडून घातली आणि तो शाळेत गेला. प्रार्थना नुकतीच संपली होती. मुलं ओळीत बसली होती, सर समोर उभे होते. सरांना बाजूला घेऊन सांगावं असं ठरवून तो आला होता. पण पोरांच्या ओळीत मान खाली घालून बसलेली ज्योती दिसली आणि त्याला वाटलं, हिची अब्रू ज्यांच्यासमोर गेली त्यांच्यासमोरच सांगायला पाहिजे.

"सर," तो म्हणाला, "मला पोरांसमोर एक सांगायचंय."

"बोला की."

सूर्यभाननं टोपी काढून हातात घेतली. "ज्योतीनं चोरी केली न्हाई. त्या बाटल्या म्या पाजल्या. रोज पाजीत हुतो. नगरला ती नको म्हनत हुती, म्या तिचा जबडा धरून पाजल्या. डाक्टरसमोर म्या खोटं बोललो, आन पोरीनं माझं पाप आपल्या अंगावर घेतलं. तिला शिक्षा करू नका. काय करायची ती मला करा."

इतकं खरं तो उभ्या जन्मात एका दमात बोलला नव्हता. सरांनी त्याच्याकडं बघितलं, मग ज्योतीकडं.

"ज्योती, उभी राहा. हे खरंय?"

ज्योती उभी राहिली. शाळेच्या कुंपणापलीकडं रस्ता होता, आणि बाजाराला निघालेली चार माणसं हे काय चाललंय म्हणून तिथं थबकली होती. ज्योतीनं त्यांच्याकडं एकदा बघितलं.

"न्हाई सर," ती म्हणाली. "आबा माझ्यासाठी खोटं बोलत्यात. म्याच चोरल्या हुत्या."

"पोरी!" सूर्यभान ओरडला. "खरं सांग की गं! सर, देवाशपथ सांगतो, म्याच..."

"सूर्यभानराव," सर मऊ आवाजात म्हणाले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या. माझ्या वडलांना तुम्ही बैल विकलात, तेव्हाही अशीच शपथ घेतली होती. तुमचं खरं-खोटं मला कळतं."

कुंपणाशी कुणी तरी हसलं.

"आणि शिफारशीचा कागद कालच गेला, दुसऱ्या मुलीच्या नावानं," सर पुढं म्हणाले. "आता काही बदलणार नाही. पण तुम्ही आलात, चारचौघांत आपल्या डोक्यावर घ्यायला आलात. बापाचं काळीज काय असतं ते आज मुलांना दिसलं."

सूर्यभान एक पाऊल पुढं आला. पुन्हा सांगावं, ओरडून सांगावं, पोरांच्या पाया पडून सांगावं. पण आतून कुठून तरी, अगदी बारीकशी, एक गोष्ट वर आली. सुटलो. कुणी विश्वास ठेवला नाही, म्हणजे उद्याचा बाजार आपला शाबूत आहे. ते वाटणं क्षणभरच टिकलं, पण वाटलं हे खरं. आजवर वाटलेल्या सगळ्या लाजेपेक्षा त्या क्षणाची लाज मोठी होती. आपण आहोत तरी कोण, असं त्याला झालं.

"ज्योती, इकडं ये," सर म्हणाले. "असा बाप सगळ्यांना मिळत नाही. पाया पड त्यांच्या. माफी माग."

ज्योती ओळीतून पुढं आली. सूर्यभान मागं सरकला, तर पाठीला झेंड्याचा खांब लागला. तिनं वाकून त्याच्या दोन्ही पावलांना हात लावला.

"चुकले, आबा," ती म्हणाली. "पुन्यांदा न्हाई पिनार."

सरांनी डोळे टिपले आणि मुलांकडं वळून खूण केली. पोरं जोरजोरात टाळ्या वाजवायला लागली, आणि त्या टाळ्या सूर्यभानसाठी होत्या.